पॅप चाचणीच्या अहवालात ‘एएससी-यूएस’ आले, तर गर्भपिशवी काढावी लागते का?

आपल्या आईचे वय ५२, पाळी जाऊन ३ वर्षे झालेली, पॅप चाचणीच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) अहवालात ‘एएससी-यूएस’ आलेले आणि शेजारच्या काकू ‘पिशवी काढून मोकळ्या व्हा’ म्हणतात, अशा वेळी काय करावे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट असून अशा काचपट्ट्या नेहमी तपासते.

ही अक्षरे म्हणजे ‘अर्थ निश्चित न झालेल्या असामान्य पेशी’; ती कर्करोगाचे निदान नव्हेत. काही पेशींची केंद्रके नेहमीपेक्षा मोठी दिसतात, पण त्यांना कर्करोगपूर्व बदल म्हणावे इतकी ती बिघडलेली नसतात आणि निर्दोष म्हणून सही करावी इतकी स्वच्छही नसतात, तेव्हा आम्ही असे लिहितो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, गर्भाशयमुखाचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि त्या सुकलेल्या पेशी पाहताना आमचीही अनेकदा अशीच अडचण होते. सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी असे घडते.

संशय फेडण्यासाठी आता एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणी करून घ्यावी. नमुना द्रवात घेतलेला असल्यास बहुधा त्यातूनच ती होते. काचपट्टीच केली असेल, तर नवा नमुना द्यावा लागतो. ती निगेटिव्ह आली, तर साधारणपणे ३ वर्षांनी पुन्हा तपासणी पुरते. पॉझिटिव्ह आली, तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाला अ‍ॅसेटिक आम्ल लावून ते भिंगातून पाहणे, आणि संशयास्पद जागा दिसल्यास तेवढाच तुकडा काढून तपासणे. लैंगिक संबंधातून पसरणारा हा विषाणू शरीरात अनेक वर्षे सुप्त राहू शकतो, त्यामुळे पॉझिटिव्ह अहवालावरून घरात कोणाच्याही वागण्यावर संशय घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

‘एएससी-एच’, म्हणजे गंभीर कर्करोगपूर्व बदल नाकारता येत नाही, असे लिहिलेले असेल, तर मात्र एचपीव्ही चाचणीच्या निकालावर न थांबता थेट कॉल्पोस्कोपी करावी.

केवळ या अहवालावरून पिशवी काढणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. बहुतेक स्त्रियांना त्या शस्त्रक्रियेची गरजच नसते. आणि क्वचित आत खरोखर कर्करोग दडलेला असला, तर तपासणीविना केलेली साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरून पुढचे उपचार अवघड होतात.

आईंना पाळी गेल्यानंतर एकदाही अंगावरून रक्त गेले असेल, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता त्यांना याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.