केसांच्या गोळीतले घटक: आधी फेरिटिन बघा, मग बाटली

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, दिवाळीच्या तोंडावर केस गळायला लागले ते थांबेनात. वय २९, शाकाहारी, आणि आता बायोटिनच्या (हे एक बी व्हिटॅमिन) गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या घ्याव्यात की चौदा घटकांचं ते महागडं कॅप्सूल, असा प्रश्न आहे. मी फार्मासिस्ट आहे आणि दोन्ही प्रकार माझ्या काउंटरवरून रोज जातात. तरी सांगते, बाटलीमागची यादी वाचून घटक निवडू नका. रक्ताचा रिपोर्ट बघून निवडा. शरीरात जे कमी पडलंय ते भरून काढलं तर केसांना फायदा होतो. जे पुरेसं आहे ते आणखी घेतल्याने केस वाढतात, याला भरवशाचा पुरावा नाही.

तुमच्या बाबतीत तारखाच बरंच सांगतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. तिथे ते दोन-तीन महिने राहतात आणि मग गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप उतरते. सप्लिमेंटचा धंदा नेमका यावर चालतो. माणूस गळती ऐन भरात असताना बाटली आणतो, तीन महिन्यांचा कोर्स करतो, तोवर गळती तशीही थांबायच्या बेतात आलेली असते. श्रेय बाटलीला मिळतं आणि मैत्रिणीला शिफारस जाते.

आता घटक. एकाच गोष्टीसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते फेरिटिनच्या तपासणीवर करा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन १२ आलं की घरचे म्हणतात, झालं, सगळं ठीक आहे. पण साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्यात साठा संपत आलेल्या पण हिमोग्लोबिन टिकून असलेल्या बायका धरलेल्याच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. केसांसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ ३०-४० च्या वर असावं असं बघतात. एक खोच आहे: ताप आणि सूज असताना फेरिटिन खोटं चढतं, डेंग्यूत तर फारच. तेव्हा अॅडमिट असतानाचा आकडा धरू नका. आत्ता करा आणि सोबत सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी करा.

आणि गंमत बघा, ज्या गमी घ्यायचं तुमच्या मनात आहे, त्या प्रकारच्या बहुतेक गमींमध्ये लोह नसतंच. लोहाची चव लागते, म्हणून ते गोड गोळीत घालत नाहीत. म्हणजे तुमच्या वयाच्या बाईला ज्याची गरज असण्याची सर्वात जास्त शक्यता, तेच यादीत नाही.

फेरिटिन कमी निघालं तर डॉक्टर साधी लोहाची गोळी देतील. ती जाहिरातीतल्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. चहासोबत घेऊ नका, चहाच्या आधी-नंतर तासभर सोडा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो. पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तशा घेतल्याने लोह जास्त शोषलं जातं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. मात्र घरात कुणाला थॅलेसेमिया मायनर असेल तर रिपोर्टशिवाय लोह सुरू करू नका. त्यात हिमोग्लोबिन कमी दिसतं पण साठा भरलेला असू शकतो.

बायोटिनबद्दल माझं मत कडक आहे. प्रौढ माणसाला दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅम पुरतं. गमीवर लिहिलेलं असतं ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. खरी कमतरता अगदी विरळा. ती महिनोन्‌महिने कच्च्या अंड्याचा बलक नव्हे, पांढरा भाग खाणाऱ्यांत, फिट्सच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत किंवा जन्मजात एन्झाइमचा दोष असलेल्यांत दिसते. ‘वनस्पतीजन्य बायोटिन’ म्हणून जे महाग विकतात, त्यात बऱ्याचदा अगस्तीच्या पानांचा अर्क असतो. अगस्ती म्हणजे आपला हादगा, ज्याच्या फुलांची भाजी आणि भजी होतात.

पैसे वाया जातात इथवर ठीक होतं. पण इतकं बायोटिन रक्ताच्या तपासण्या बिघडवतं. काही मशीनवर थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइड (थायरॉइड जास्त चालण्याचा आजार) कागदावर दिसतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला जाणाऱ्या बाईच्या पर्समध्ये बायोटिन असणारच, आणि लॅबमध्ये ते कुणी विचारत नाही.

सेलेनियम हे खनिज तुमच्या त्या चौदांतला दुसरा घटक. त्याच्यासमोर ‘केसांच्या मजबुतीसाठी’ असं लिहिलंय. आता बुलढाणा आठवा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांची तीन-चार दिवसांत टक्कलं पडायला लागली. बोंडगाव, कालवड ही नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. नंतर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या रक्तात आणि केसांतही ते भरपूर सापडलं, तर झिंक कमी. अमेरिकेतही २००८ मध्ये एका पातळ सप्लिमेंटमध्ये लेबलापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं होतं आणि २०१ जणांना बाधा झाली. त्यातल्या बहुतेकांचे केस गेले. कॅप्सूलमधली ठरलेली मात्रा इतकी नसते, घाबरू नका. पण कॅप्सूल, वर मल्टिव्हिटॅमिन, वर कुणी सांगितलं म्हणून रोज ब्राझील नट, असं तिहेरी चालू असेल तर बेरीज करा. व्हिटॅमिन ए चं तेच: जास्त झालं की केस गळतात.

झिंक, व्हिटॅमिन डी आणि बी१२ यांतलं जे कमी असेल तेच घ्या. शाकाहारी आहात तेव्हा बी१२ आणि डी तपासून घ्या. डी च्या ६०,००० युनिटच्या सॅशेचा ठरवून दिलेला कोर्स संपला की थांबा. वर्षभर चालू ठेवणारे लोक मी बघते आणि मग कॅल्शियम चढलेलं निघतं. झिंक महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर तांबं कमी पडून उलट रक्तक्षय होतो. लेबलावर ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष झिंक किती ते बघा: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट म्हणजे झिंक ५० मिलिग्रॅमच, आणि तेवढंही रोजच्या गरजेच्या तिप्पट-चौपट आहे.

कोलॅजन पोटात गेलं की डाळीसारखंच प्रथिन म्हणून पचतं. शिवाय ते मासे किंवा गुरांपासून येतं, तुम्हाला चालणार नाही. तापात वजन उतरलं असेल तर वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पोटात जातायत का ते बघा. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण आणि भाजीत ते होत नाही.

सॉ पामेटो (एका ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क) आणि भोपळ्याच्या बियांचं तेल वेगळ्या रोगासाठी आहे, आनुवंशिक टकलासाठी. भोपळ्याच्या तेलाचा कोरियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास चांगला दिसतो, पण तो पुरुषांवरचा आणि त्या गोळीत इतर घटकही होते. त्या रोगाला मिनॉक्सिडिल या टाळूला लावायच्या औषधाइतका आधार यादीतल्या कशालाच नाही.

अळिवाचे लाडू खायचे तर जरूर खा, सासूबाई करून देत असतील तर भाग्यवान आहात. फक्त त्यावर फेरिटिन ८ वरून ४० ला जाईल अशी आशा धरू नका. दिवस राहिलेले असतील तर अळीव टाळा.

तर करायचं एवढं: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, सीआरपी, टीएसएच, बी१२, डी. गमी सुरू केल्या असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा. जे कमी येईल तेवढंच घ्या, डॉक्टरांना विचारून. मधला भांग रुंद होत चालला असेल, नाण्याएवढा चट्टा पडला असेल किंवा फेब्रुवारी उलटूनही गळती तशीच असेल, तर गोळ्यांचा विषय बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नवा केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, तेव्हा कपाळाजवळ उभे राहणारे बारीक केस दिसायला लागले की ते तुटलेले समजून तेलाने दाबून बसवू नका, ते नवे आहेत.