पत्रकारितेची आचारसंहिता न्यूजरूममध्ये खरंच पाळली जाते का?

तुम्ही पत्रकारितेचा अभ्यासक्रम करताय, निरनिराळ्या संस्थांच्या संहिता वाचून काढल्यात, सगळीकडे सत्य, निष्पक्षता, उत्तरदायित्व हेच शब्द सापडले आणि आता शंका आलीय की डेडलाइन जवळ आली की हे सगळं गुंडाळून ठेवत असतील. मी बातमीदारी थोडी आणि डेस्कवरचं काम, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छापण्याजोग्या करण्याचं, बरंच केलंय, तेव्हा उत्तर डेस्कच्या बाजूनं देतो.

संहितेचा कागद कुणी काढून बघत नाही. ती पाळली जाते की नाही, हे डेस्कवरचा माणूस कॉपी, म्हणजे बातमीदाराचा मजकूर, हातात आल्यावर काय विचारतो त्यावरून कळतं. एक उदाहरण घ्या. उशिरा एक कॉपी आली, एका अधिकाऱ्यानं पैसे खाल्ल्याची. शेवटचं वाक्य नेहमीचंच: 'प्रतिक्रियेसाठी प्रयत्न केला असता संपर्क होऊ शकला नाही.' आता विचारायचं असतं ते हे. फोन किती वाजता केला? कुठल्या नंबरवर, ऑफिसच्या की मोबाइलच्या? मेसेज टाकला असेल तर त्यात आरोप काय आहे ते लिहिलं होतं, की नुसतं 'जरा बोलायचं होतं'? पान छपाईला सोडायच्या पंधरा मिनिटं आधी एक रिंग देऊन ठेवून दिली असेल, तर ते वाक्य छापणं म्हणजे वाचकाला फसवणं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलायची संधी द्या, हे तत्त्व सगळ्या संहितांमध्ये असतं. पण ते पाळायचं तर बातमी कधी कधी एक दिवस मागे पडते, बातमीदार चिडतो आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी दुसऱ्याच्या पहिल्या पानावर दिसते. हे सोसायची संपादकाची तयारी आहे का, एवढाच खरा मुद्दा असतो.

आणि माझ्या मते घोळ होतो तो बेभरवशाच्या बातमीदाराच्या कॉपीत नाही. त्याची कॉपी सगळेच संशयानं वाचतात. घोळ होतो लाडक्या बातमीदाराच्या कॉपीत. सप्टेंबर १९८०मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं जॅनेट कुक या तरुण बातमीदाराचा वृत्तान्त पहिल्या पानावर छापला, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा. शहरभर त्या मुलाचा शोध सुरू झाला, तो सापडेना. वृत्तान्ताला पुढच्या एप्रिलमध्ये पुलित्झर हा अमेरिकी पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला. मग तिच्या बायोडेटातल्या थापा उघड झाल्या आणि पाठोपाठ तो मुलगाच काल्पनिक असल्याचं बाहेर आलं. पुरस्कार परत करावा लागला. गोपनीयतेच्या नावाखाली मुलगा कोण, राहतो कुठे, हे एकाही वरिष्ठाला माहीत नव्हतं. सूत्राचं नाव छापायचं नाही हे ठीकच. पण निदान एका संपादकाला ते ठाऊक असलं पाहिजे, हा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे, तो असल्याच अनुभवांमुळे.

तरी तपासणारे लोक नेमले म्हणजे भागतं असंही नाही. जर्मनीच्या 'डेअर श्पीगल' या साप्ताहिकाकडे तथ्यतपासणीचा भलामोठा विभाग होता. तिथल्या क्लास रेलोटिउस या पुरस्कारांनी लदलेल्या बातमीदारानं वर्षानुवर्षं माणसं आणि प्रसंग रचून लिहिले. २०१८मध्ये त्याला पकडलं ते ह्वान मोरेनो या सहकाऱ्यानं. एका वृत्तान्तात दोघांची नावं एकत्र येणार होती आणि मोरेनोला त्यातले तपशील पटेनात. त्यानं प्रत्यक्ष जाऊन त्या माणसांना गाठलं. सुरुवातीला वरिष्ठांनी संशय घेतला तो मोरेनोवरच! हे वाचल्यावर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

काही वेळा बातमी शंभर टक्के खरी असते, तरी ती कशी द्यायची हा प्रश्न उरतोच. विद्यार्थी हा भाग चटकन वाचून पुढे जातात, म्हणून सांगतो. १९८०च्या दशकात व्हिएन्नाच्या मेट्रोत आत्महत्या वाढल्या होत्या आणि वृत्तपत्रं त्या मोठ्या मथळ्यांनी, बारकाव्यांसकट छापत होती. १९८७मध्ये तिथल्या आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणाऱ्या तज्ज्ञांनी वृत्तांकनासाठी सूचना तयार केल्या आणि वृत्तपत्रांनी त्या बऱ्याच अंशी मानल्या. पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत मेट्रोतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न मिळून ८० टक्क्यांहून जास्त घटले. त्यामुळे मथळ्यात 'आत्महत्या' नको, पद्धतीचं वर्णन नको, असं डेस्क सांगतं तेव्हा तो नाजूकपणाचा आव नसतो.

जाहिरात विभागाचा दबाव आला तर काय, हेही तुम्ही विचारलंय. त्यावर थोडक्यात: इथे प्रश्न वरच्या दिशेनं, म्हणजे व्यवस्थापनाला, विचारावा लागतो आणि ते अवघड असतं. १९९९मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं एका नव्या क्रीडासंकुलावर मासिकाचा विशेषांक काढला. त्यातल्या जाहिरातींचा नफा त्याच संकुलाबरोबर वाटून घ्यायचं ठरलं होतं आणि संपादकीय विभागाला याचा पत्ताच नव्हता. कळल्यावर शेकडो पत्रकारांनी सह्यांचं निवेदन दिलं आणि वृत्तपत्राला स्वतःचीच चौकशी करून ती सविस्तर छापावी लागली. असं उठून विचारणं सगळीकडे जमत नाही. नोकरी जाते. त्यामुळे एकट्या बातमीदाराकडून शौर्याची अपेक्षा करणारे लोक मला जरा बेजबाबदार वाटतात.

तुम्ही कुठे अर्ज करणार असाल तर आधी त्यांच्या दुरुस्त्या शोधा. चूक झाली की कुठल्या पानावर, किती टायपात कबूल करतात? वेबसाइटवर मजकूर गुपचूप बदलतात, की बातमीखाली काय बदललं आणि कधी, ते लिहितात? आणि मुलाखतीत संधी मिळाली तर एवढंच विचारा, अलीकडे एखादी बातमी डेस्कनं थांबवली होती का, आणि ती कुणाची होती. सगळी उदाहरणं नवशिक्यांचीच निघाली, तर मी तरी दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवीन.