‘टॅम्पॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो कोठून आला?

‘टॅम्पॉन’ हा शब्द मुळात कोणत्या भाषेतला आहे आणि मासिक पाळीत रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायचा बोळा याखेरीज त्याला आणखी काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मराठीत एका शब्दात सांगता येतो: बोळा.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘तापाँ’ म्हणजे भोक बुजवण्यासाठी कोंबलेली चिंधी. पुढे त्यात अनुनासिक शिरला आणि ‘ताँपाँ’ झाले. आमच्या आजीकडे रॉकेलच्या बाटलीचे बूच हरवले, की जुन्या धोतराच्या चिंधीचा घट्ट पिळलेला बोळा तिच्या तोंडात बसे आणि बाहेर राहिलेले त्याचे टोक कायम ओशट असे. ‘तापाँ’ म्हणजे नेमके तेच. त्यामागचे मूळ फ्रँक लोकांच्या जर्मेनिक बोलीत आहे, आणि नळाला म्हणतात तो इंग्रजी ‘टॅप’ही त्याच कुळातला, कारण आधी त्याचा अर्थ पिंपाचे बूच असा होता. तोफेच्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून बसवायच्या लाकडी गुडदीला इंग्रजीत ‘टॅम्पियन’ म्हणतात, तो याचाच भाऊ. (‘बॉल टॅम्परिंग’मधला ‘टॅम्पर’ मात्र या घरातला नव्हे.)

रक्तस्राव थांबवण्यासाठी कोंबलेला कापसाचा बोळा, या वैद्यकीय अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचून हृदयावर दाब येतो, त्या अवस्थेचे ‘टॅम्पोनेड’ हे नावही त्यातूनच निघाले. पाळीचा अर्थ आज इतका ठळक आहे याचे श्रेय बरेचसे अमेरिकेतील डॉ. अर्ल हास यांना द्यावे लागेल. पुठ्ठ्याच्या नळीतून आत सरकवायच्या बोळ्याचे पेटंट त्यांना 1933 मध्ये मिळाले आणि ‘टॅम्पॅक्स’ हे व्यापारी नाव त्यातून पुढे आले. फ्रेंचमध्ये शब्द असा आक्रसला नाही. तेथे कचेरीतला रबरी शिक्का, शाईची गादी आणि रेल्वेच्या डब्यांमधले धक्के झेलणारे बफर, या साऱ्यांना आजही ‘ताँपाँ’च म्हणतात.

आयुर्वेदात औषधी तेलात भिजवून योनीत ठेवायच्या कापसाला ‘योनिपिचु’ म्हणतात, परंतु तो उपचार आहे, पाळीचे साधन नव्हे. म्हणून ‘पिचु’ हा प्रतिशब्द मला पटत नाही. ‘बोळा’ अर्थाने अचूक आहे, पण दात काढल्यावर चावून धरायला देतात तोही बोळाच, त्यामुळे दुकानात मागताना ‘टॅम्पॉन’च म्हणावे.