पोरगा दिवसभर जादूचे खेळ करत बसतो, काय करू?

"मॅडम, पोरगा सारखं नाणं गायब करत बसतो, आता तर लोक पण वेगळंच बोलायला लागलेत." सातपुड्यातल्या धडगावकडच्या एका अंगणवाडीताईंचा फोन होता. मुलगा आठवीत, आश्रमशाळेत असतो, सुट्टीला घरी आलेला. पाड्यात रेंज नाही म्हणून टेकडीवर जाऊन जादूचे व्हिडिओ बघायचे आणि खाली येऊन जो सापडेल त्याच्यावर ट्राय करायचे. शेजारच्या आजींच्या कानामागून नाणं काढलं तर त्या जाम घाबरल्या, म्हणाल्या याला काहीतरी लागलंय.

अशा वेळी "छंद आहे, करू द्या" एवढंच सांगून फोन ठेवणं मला पटत नाही, कारण सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना किती छळतात ते त्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहितीय, त्यांची भीती काही उगाच नव्हती.

मग मुलाशी बोलले. व्हिडिओ ढीगभर बघितलेत पण एकही ट्रिक धड येत नाही, चारजण समोर आले की हात थरथरतात, आणि शिकवणारं कोणी नाही हे त्याचं खरं दुखणं. म्हटलं नवे व्हिडिओ सध्या बंद, एकच घे, रबरबँडची. पहिल्या दोन बोटांत रबर अडकवायचा, मूठ मिटताना तो तळव्याकडून ताणून चारही बोटांच्या टोकांवर घ्यायचा, मूठ उघडली की उडी मारून करंगळीकडच्या दोन बोटांत जातो. आरशासमोर करायचं, आणि बोलत बोलत करायचं, समोरच्याची नजर मुठीवरून हलवता आली पाहिजे ना. नारळातून आग वगैरे केमिकलवाले खेळ मात्र अजिबात नाही, ते अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते शाळेत करून दाखवतात तेव्हा बघ.

दुसरं, सुरुवातीलाच सांगायचं की ही हातचलाखी आहे, पकडून दाखवा. आणि आजींना तर नाण्याचं गुपित उघड करून दाखवायचं, नाणं आधीपासून बोटांमागेच लपवलेलं असतं म्हणून. "मग मजा काय राहिली?" म्हणाला, चिडलाच जरा. जादूगार गुपित फोडत नाहीत हे बरोबर आहे, पण घाबरलेल्या माणसापुढे तो नियम चालत नाही.

पंधराएक दिवसांनी ताईंचा फोन, आजी आता स्वतःच नातवंडांच्या कानामागून नाणी काढतात, दोनदा पडतं, तिसऱ्यांदा जमतं. अभ्यासाचं विचाराल तर गणितात तो आधीपासूनच कच्चा आहे, त्याचं खापर रबरबँडवर फोडू नका एवढंच मी ताईंना म्हटलं.