आजोबांची दीपमाळ आणि ‘संदर्भ हवा’

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान आहे. त्यात मी लिहिलं, ‘देवळापुढची दीपमाळ शाहू महाराजांनी १७४९ साली बांधून दिली.’ आजोबा हे नेहमी सांगायचे आणि दीपमाळेवर ‘शके १६७१ शुक्लनाम संवत्सरे माघ’ असं कोरलेलंही आहे. एका सदस्याने ते काढलं. मी परत घातलं, त्याने परत काढलं. असं तीनदा झालं. ‘देऊळ हेमाडपंती आहे’ हे वाक्य मात्र वर्तमानपत्राचा संदर्भ लावून त्याने राहू दिलंय. गाव आमचं, मग हा अडवणारा कोण?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला माझ्या आजोळची विहीर आठवली. तिच्या पाटीवरचा शक मी १६११ वाचला आणि विकिपीडियावर घातला. एकाने तो काढला, तेव्हा दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण त्याने चर्चा पानावर एकच ओळ लिहिली होती : ‘पाटीवर विरोधी संवत्सर आहे, १६११ ला शुक्ल येतं.’ पंचांग काढून बसले. शकाच्या प्रत्येक वर्षाला संवत्सराचं एक ठरलेलं नाव असतं, आणि ‘विरोधी’ हे नाव येतं १६९१ ला. झिजलेल्या ९ ला मी १ समजले होते आणि विहीर ८० वर्षांनी जुनी करून ठेवली होती. त्या माणसाला मी आजही मानते.

तुमचा शक त्याच कसोटीला लावला. शके १६७१ ला शुक्ल संवत्सरच येतं, म्हणजे वाचन बरोबर दिसतं. पण महिना माघ आहे. शकात ७८ मिळवून तुम्ही १७४९ काढलंत. माघात मात्र इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. दीपमाळ १७५० च्या सुरुवातीची. आणि शाहू महाराज साताऱ्यात वारले ते १५ डिसेंबर १७४९ ला. दान त्यांनी आधी दिलं आणि काम मागून पुरं झालं, असंही असेल. आजोबा खोटं सांगत नव्हते, पण दगडावर महाराजांचं नाव नाही आणि ‘बांधून दिली’ हे तुमचं वाक्य दगडापेक्षा जास्त बोलतं.

तो सदस्य गावाबद्दल तुमच्याहून जास्त जाणतो असं मुळीच नाही. तो एवढंच विचारतोय की नागपुरातल्या किंवा न्यूजर्सीतल्या वाचकाने हे कुठे पडताळायचं. आजोबांना आता विचारता येत नाही. विकिपीडियावर नवं संशोधन चालत नाही, आधी कुठेतरी जबाबदारीने छापून आलेलंच चालतं. माझा वरचा हिशोबसुद्धा आधार म्हणून तिथे चालणार नाही. या नियमाने गावोगावच्या तोंडी आठवणी बाहेर राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०११ साली मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचा संदर्भ देण्याचा प्रयोग झाला होता. तो रुजायला हवा होता.

हेमाडपंतीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची आपल्याकडे सवयच आहे. पानाचा ‘इतिहास’ उघडा आणि ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते बघा. बातमीच्या आधीच ते बिनसंदर्भ तिथे असेल, तर वार्ताहराने विकिपीडियावरून उचललं असण्याचा दाट संभव आहे, आणि आता तीच बातमी विकिपीडियाचा आधार झाली आहे. दोन्ही तारखा चर्चा पानावर मांडा. वाक्य परत परत घालू नका. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा असं उलटवलं तर सदस्यत्व गोठवलं जाऊ शकतं. आपल्याकडे प्रचालकापर्यंत, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था बघणाऱ्या सदस्यापर्यंत, प्रकरण गेलं, की दीपमाळ बाजूला राहते आणि तुमची वागणूक चर्चेला येते.

जिल्हा ग्रंथालयात साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटियर मागा, मुंबई इलाख्याच्या मालेतला तो १९ वा खंड. गावाची नोंद असली तर ‘गॅझेटियरनुसार’ असं म्हणून लिहा, कारण साहेबाच्या कारकुनाचंही चुकायचं. मग भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी त्रैमासिकं चाळा. कुठेच काही नसेल तर लेखाचं वाचन एखाद्या जाणकाराकडून तपासून घेऊन टिपण छापून आणा. माझ्या विहिरीचं टिपण यायला दीड वर्ष लागलं, पण तिचा शक आता कोणी काढत नाही.

फोटोला मात्र कोणाची वाट बघायला नको. तो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या खुल्या भांडारात, आजच चढवता येईल. खडू किंवा तेल लावू नका, दगड खराब होतो. सकाळी ऊन तिरपं असताना घ्या, आणि ‘माघ’ हा शब्द अगदी जवळून घेऊन एक प्रत मलाही पाठवा.