आहारमध्ये स्टॉल घ्यावा का? कुडाळच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, पण हातात बाटल्या होत्या म्हणून आता बसून लिहितोय. तुमचं आणि भावाचं कुडाळला कोकम आणि आलं-लिंबू सिरपचं युनिट, चार वर्षं किरकोळ विक्री चांगली, आता हॉटेल आणि बारवाल्यांना माल द्यायचाय. त्यासाठी मार्चमध्ये दिल्लीच्या ‘आहार’ या खाद्यपदार्थ आणि हॉटेल व्यवसायाच्या प्रदर्शनात ९ चौरस मीटरचा स्टॉल घ्यावा का, आणि २० खोकी माल पुरेल का, असं तुम्ही विचारलंत. आमचं युनिट चिपळूणजवळ, सिरपचंच. तीनदा आहारला आणि दोनदा मुंबईच्या अशाच प्रदर्शनांत स्टॉल लावलाय. पहिल्यांदा पैसे बुडाले, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

स्टॉलचं भाडं बघून बजेट काढू नका. भाडं चौरस मीटरमागे, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि हा आकडा फक्त दारात पाय ठेवण्याचा. वाहतूक, दोघांचं राहणं, फ्रीज भाड्याने, छपाई, जास्तीची वीज, सोडा, बर्फ, पाच दिवसांचं जेवणखाण धरून माझा एकूण खर्च भाड्याच्या अडीचपट गेला होता. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर केंद्राच्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग खात्याच्या योजनेतून भाड्याचा मोठा भाग परत मिळू शकतो, महिला उद्योजकांना त्यात जास्त सवलत आहे. युनिट तुमच्या नावावर असेल तर बुकिंगच्या आधी साकीनाक्याच्या एमएसएमई कार्यालयात विचारून घ्या. प्रदर्शन झाल्यावर चौकशी केलीत तर हात हलवत परत याल.

आता ‘तयार स्टॉल’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तीन बाजूंना पांढऱ्या फळ्या, वर तुमच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, कचऱ्याचा डबा, तीन-चार दिवे आणि एक ५ अँपिअरचा सॉकेट. पाण्याचा नळ नाही, सिंक नाही, सांडपाण्याची सोय नाही. त्या सॉकेटवर मी पहिल्या वर्षी (कुठलं प्रदर्शन ते जाऊ द्या) फ्रीज आणि मिक्सर दोन्ही लावले. अकरा वाजता आमच्यासकट शेजारच्या दोन स्टॉलचे दिवे गेले. शेजारी चीजवाला होता, त्याचं तोंड अजून आठवतं.

पण खरा घोळ त्याच रात्री झाला. संध्याकाळी प्रदर्शन बंद झालं की हॉलची वीज बंद करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सकाळी फ्रीज उघडला तर सोडा कोमट, कापून ठेवलेला पुदिना काळा, तळाशी पाणी. २४ तासांची वीज वेगळी मागावी लागते, तिचे पैसे वेगळे, आणि अर्ज आधी करावा लागतो. फ्रीज नेणार असाल तर हा अर्ज स्टॉलच्या अर्जासोबतच टाका.

दिव्यांबद्दलही सांगतो, कारण तुमचा माल कोकम आहे. कोकमाचा रंग उजेड आणि उष्णता दोन्हींनी उतरतो. मी शोभेसाठी बारा बाटल्या थेट दिव्याखाली मांडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुढची रांग विटकरी झाली, खोक्यातली लालचुटुक होती, आणि नेमका एका गिऱ्हाइकाने दोन्ही हातात घेऊन शेजारी धरल्या. काही बोलला नाही. बाटल्या ठेवून गेला. आता मी मांडणीच्या बाटल्या रोज सकाळी बदलतो आणि दिवा भिंतीवर वळवतो.

२० खोक्यांचा हिशोब करू. चाखायला ६० मिलीचा कप, त्यात १० मिली सिरप आणि ५० मिली सोडा. ७५० मिलीच्या बाटलीत ७५ कप होतात. २० खोकी म्हणजे २४० बाटल्या, म्हणजे १८,००० कप. पाच दिवसांत एवढे वाटायचे तर दर मिनिटाला सात-आठ! आम्ही दोघं मिळून दिवसाला ३५० च्या वर कधी गेलो नाही, आणि तेवढ्यातच घसा बसला. पाच दिवसांचे १,७५० कप धरा, दोन खोकी सिरप पुरतं. एक खोकं मांडणीला, एक गंभीर माणसांना द्यायच्या १०० मिलीच्या बाटल्या भरायला. चार खोकी झाली, बास. खरं ओझं सोड्याचं आहे. १,७५० कपांना जवळजवळ ९० लिटर लागतो, तो दिल्लीतच घ्या आणि गार करूनच वापरा. कपात बर्फ टाकला की दोन मिनिटांत चव पातळ होते आणि दोष सिरपला जातो. खाली दोन झाकणाच्या बादल्या ठेवा, लोक अर्धा कप पिऊन उरलेला तुमच्याच हातात देतात.

तिथे बाटल्या विकायचा मोह होईल, शेवटच्या दिवशी तर लोक पिशव्या घेऊनच फिरतात. तुमची जीएसटी नोंदणी महाराष्ट्राची. दिल्लीत स्टॉलवर विक्री करायची तर तिथली तात्पुरती, ‘कॅज्युअल’ करदात्याची नोंदणी लागते. चार खोक्यांसाठी हा उपद्व्याप करू नका. माल डिलिव्हरी चलनावर (विक्री नसताना माल नेण्याचा कागद) न्या, किंमत ५०,००० च्या वर जात असेल तर ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन परवाना काढा, आणि स्टॉलवर फक्त ऑर्डर घ्या. फुकट वाटलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, तेही सीएला सांगून ठेवा. आणि कोणी कितीही म्हटलं तरी सिरपमध्ये जिन ओतून दाखवू नका. स्टॉलवर दारू चाखवायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. दिल्लीत दारू पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे, तुम्ही कोणाकोणाचं ओळखपत्र बघणार? सोड्यावर चव उभी राहत नसेल तर जिनवरही राहणार नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षी मला वाटत होतं की सरबत चांगलं लागलं की माल विकला जातो. स्टॉलपुढे रांग होती, सगळे ‘बढिया है’ म्हणत होते, मी खूश. बिस्किटाच्या डब्यात ३४० व्हिजिटिंग कार्डं जमली. गावी येऊन, थकवा काढून, तीन आठवड्यांनी फोन सुरू केले. निम्म्यांना कोकम आठवेना. त्यातून अकरा जणांनी नमुने मागवले, चौघांनी माल घेतला, आज टिकून आहे तो एक.

त्या एकाची गोष्ट ऐका. तिसऱ्या दिवशी साडेपाचला, आम्ही कप आवरत असताना, एका हॉटेलचा बार मॅनेजर आला. कप पुढे केला तर हातानेच थांबवलं. बाटली उचलून उलटी केली आणि तळाला गाळ किती वेळाने सुटतो ते पाहिलं. मग झाकण उघडून विचारलं, ‘स्पीड पोअरर बैठता है इसमें?’ पोअरर म्हणजे एकसारखी धार पडावी म्हणून बारवाले बाटलीच्या तोंडात बसवतात ती नळी. आमच्या बाटलीचं तोंड रुंद, त्यात पोअरर डुगडुगत होता. मग म्हणाला एक ग्लास बनवा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. तो मोबाइलवर बोलत उभा राहिला, मी ग्लासाकडे बघत. दहा मिनिटांनी त्याने ग्लास उजेडात धरला, थर पडला नव्हता, तेव्हा कुठे पहिला घोट घेतला. मग चार प्रश्न आले: उघडल्यावर किती दिवस टिकतं, पुढच्या वर्षी रंग हाच असेल का, एका ग्लासाला किती पडतं, आणि हे मी कशाच्या जागी वापरू?

चौथ्या प्रश्नावर मी कोकणाचं वर्णन सुरू केलं. आजीचं आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), उन्हाळा, सगळं. त्याने मध्येच तोडलं, ‘क्रॅनबेरी के बदले चलेगा?’ मला सुचलंच नव्हतं. आंबट, लाल, सोड्यात दिसायला सुरेख, आणि बाहेरून आलेल्या क्रॅनबेरीच्या रसापेक्षा स्वस्त. त्याच्या मेन्यूवर जागा आधीच होती, आपल्याला फक्त ती दाखवायची होती. तेव्हापासून आमच्या स्टॉलवर मागच्या फळीवर कोकणाचा समुद्र नाही, मोठ्या अक्षरांत हिशोब आहे: ७५० मिली, ३० मिलीचे २५ ग्लास, ग्लासामागे अमुक रुपये. तुमचा हॉटेलचा दर ३०० धरला तर ग्लासाला १२ रुपये पडतात. बारवाला हे मनात करतोच, तुम्ही आधी लिहिलंत तर बोलणं पुढे सरकतं.

आगळ मात्र दिल्लीला नेऊ नका. त्यात मीठ असतं, बारवाला ते सिरप समजून साखरेच्या मापाने ओततो आणि तोंड वाकडं करतो. गोव्यात ज्याला सोलकढी माहीत आहे त्याच्याशी आगळावर बोलता येतं.

कार्डांची पद्धत बदलली. आता एक दोनशे पानी वही असते. कार्ड पानाला स्टेपल करायचं आणि माणूस समोर असतानाच लिहायचं: किती आउटलेट, सध्या काय वापरतात, खरेदी कोण ठरवतं, फोन कधी करू. चाखणारा आणि सही करणारा बहुतेकदा वेगळे असतात. बार मॅनेजरला आवडलं तरी परचेसवाला दर पाडणार आणि वितरक कोण ते विचारणार, म्हणून वितरकांची पानं मी वेगळी ठेवतो. रात्री खोलीवर आलो की त्या दिवसाच्या पानांना व्हॉट्सअ‍ॅप जातो, ग्लासाच्या फोटोसकट. मागच्या वेळी फक्त ९० पानं भरली आणि धंदा पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट झाला. नुसतं सरबत प्यायला आलेल्यांना हसून कप द्या, पण बोलण्यात अडकू नका. हे जमायला दोन माणसं लागतात, एक ओतणारं, एक बोलणारं. तुम्ही आणि भाऊ यांत कोण काय करणार ते गाडीत बसायच्या आधी ठरवा.

तारखेचाही विचार करा. आहार मार्चमध्ये, तुमचं कोकम एप्रिल-मेमध्ये उतरणार. म्हणजे दाखवाल तो माल दहा महिन्यांचा, आणि ऑर्डर घ्याल ती अजून झाडावर असलेल्या फळाची. आम्ही एकदा वर्षभराचा दर मार्चमध्येच लिहून दिला. मेमध्ये वळवाने फळ गेलं, भाव चढला, आणि पाच महिने तोट्यात माल पाठवला. दर जूनपर्यंतचाच द्या, पुढचा हंगामानंतर. उधारी मागणारच. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एमएसएमईडी या छोट्या उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५. आणि सूक्ष्म-लघु उत्पादकांचे पैसे त्याहून उशिरा दिले तर त्या वर्षी तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात धरता येत नाही. हे गोड शब्दांत सांगितलं की परचेसवाले ऐकतात, निदान मोठ्या हॉटेलांतले.

सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्याचं चिन्ह लेबलवर हवं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. उत्तरेत त्याने विक्री वाढते असा माझा अनुभव नाही, पण मोठ्या हॉटेलांचे शेफ आवर्जून विचारतात.

तर घ्यावा का? या मार्चला नको. या मार्चला दोघांनी नुसतं बघायला जा. सुप्रीम कोर्ट मेट्रो स्टेशनला उतरलात की आहार भरतं ते भारत मंडपम समोरच. दोन दिवस सिरपवाल्यांच्या स्टॉलसमोर उभं राहून गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका. आणि त्याआधी, स्टॉलवर जाणार असलेल्या पैशांतल्या थोड्याशा पैशांत, गाडीत दोन खोकी टाकून गोव्यात जा. कुडाळहून पणजी किती लांब? दुपारी तीन ते पाच बार रिकामे असतात, तेव्हा बारटेंडर बोलतात. दहा बार फिरा. त्यातल्या दोन बारनी जरी सहा महिने सलग माल घेतला तरी दिल्लीत ‘सध्या कोण वापरतंय?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल. मी पहिल्या वर्षी त्या प्रश्नावर गप्प उभा होतो.

तोवर दोन गोष्टी इथे लिहा. एक, सिरपचा ब्रिक्स (साखर आणि विरघळलेल्या घटकांचं टक्केवारीतलं माप) किती येतो? लेबलवर ‘सिरप’ म्हणायला ६५ लागतो, आणि घरगुती पद्धतीने बरेचदा तो ५५-५८ ला अडकतो. दुसरं, बाटली उघडून फ्रीजबाहेर ठेवली तर कितव्या दिवशी फसफसते. आजच एक उघडून ठेवा, झाकणावर तारीख घाला. बाटलीच्या तोंडाचा फोटोही टाका, पोअरर बसतो का बघू.