ट्रकने बर्फ हटवताना टायरांना साखळ्या लावणे आवश्यक आहे का?

प्रत्येक वेळी नाही. चारही चाकांना शक्ती मिळणारा ट्रक, चांगल्या खाचांचे हिवाळी टायर आणि मागच्या आसाजवळ पुरेसे वजन एवढे असेल, तर सपाट जागेवरचा ताजा बर्फ साखळ्यांशिवाय हटवता येतो. यातील वजनाकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते: पुढे लावलेल्या जड पात्यामुळे मागच्या चाकांवरील भार कमी होऊन ती जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून वाळूच्या गोण्या मागे घट्ट बांधून ठेवाव्यात.

मात्र पाते बर्फ खरवडून पुढे गेल्यावर चाके त्याच खरवडलेल्या पट्ट्यावरून जातात आणि तेथे गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत थर उरलेला असेल किंवा जागा चढाची असेल, तर साखळ्यांना पर्याय नाही, असे माझे मत आहे. साखळ्या लावल्यावर वेग साधारणपणे ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि कोरड्या डांबरावर येताच त्या काढाव्यात, अन्यथा रस्ता व टायर दोन्ही खराब होतात. चाक व मडगार्ड यांच्यात पुरेशी जागा नसल्यास साखळी ब्रेकच्या नळीला घासू शकते. त्यामुळे वाहनाची पुस्तिका आधी पाहावी, कारण काही टायरांसाठी साखळ्या निषिद्ध असतात.